एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर: २६ थिन क्लायंटच्या लॅबचं प्रकरण

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात असते तशी एक संगणक लॅब या प्रकरणासाठी घेतली आहे. नाव-गाव बाजूला ठेवलंय आणि आकडे हिशोब सोपा जावा म्हणून ठरवून घेतलेत. घोळ मात्र अशा लॅबमध्ये हटकून होणारे आहेत.

लॅबमध्ये २६ मशीन आहेत. १४ जुने डेस्कटॉप: बायॉसवाले (बायॉस म्हणजे मशीन सुरू करणारं जुन्या पद्धतीचं फर्मवेअर), २ जीबी रॅम, हार्ड डिस्क काढून टाकलेली. १२ नवे मिनी पीसी: यूईएफआय हे नव्या पद्धतीचं फर्मवेअर, डिस्क नाहीच. सर्व्हर एक: १६ जीबी रॅम, एसएसडी, एकच गिगाबिट लॅन पोर्ट, वर उबुंटू आणि एलटीएसपी (एका सर्व्हरवरून अनेक मशीन सुरू करण्याचं सॉफ्टवेअर). आजच्या एलटीएसपीमध्ये प्रोग्रॅम क्लायंटच्याच प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतात, सर्व्हर फक्त बूट करून देतो आणि फाइली पुरवतो. त्यामुळे 'थिन' हा शब्द सवयीचा आहे; नेटवर्कवरून सुरू होणारी डिस्कविरहित मशीन असा त्याचा इथे अर्थ घ्यायचा.

इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि तो १०० ते १९९ असे १०० पत्ते २४ तासांच्या लीजवर, म्हणजे मुदतीवर, वाटतो; पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. राउटरचा ॲडमिन पासवर्ड महाविद्यालयाकडे नाही, आणि बूट सर्व्हर किंवा बूट फाइल सांगण्याची सोयही त्या राउटरमध्ये नाही. कार्यालयाचे ५ संगणक आणि प्रिंटर याच नेटवर्कवर आहेत. लॅबमध्ये २४ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच आहे, आणि शेवटच्या रांगेतले ६ मिनी पीसी ८ पोर्टच्या साध्या स्विचमधून त्याला जोडलेत.

बूट फाइल द्यायची म्हणून सर्व्हरवर डीएनएसमास्क (पत्ते आणि बूट फाइल दोन्ही देऊ शकणारा प्रोग्रॅम) चालू केला आणि त्याला ५० ते ९० अशी पत्त्यांची रेंज दिली. राउटरचं डीएचसीपी चालूच राहिलं. रेंज वेगवेगळ्या असल्या की दोन सर्व्हर गुण्यागोविंदाने नांदतील, अशी समजूत त्यामागे असते. पत्ते एकमेकांवर येणार नाहीत, इतपत ती बरोबरही आहे.

लक्षणं अशी. सकाळी सगळी मशीन सुरू केली की आठ-दहा अडतात. बायॉसवाल्यांच्या पडद्यावर 'पीएक्सई-ई५३', म्हणजे पत्ता मिळाला पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही (पीएक्सई ही नेटवर्कवरून बूट होण्याची पद्धत). रोज अडणारी मशीन वेगळी. दुपारी तीच मशीन रीस्टार्ट केली की चालतात. मिनी पीसींपैकी ज्यांना फाइल मिळते ती ती उतरवून घेतात आणि काही न बोलता बूट मेन्यूवर परत येतात. आणि चौथं लक्षण लॅबच्या बाहेरचं: कार्यालयातल्या एखाद-दोन संगणकांचं इंटरनेट अचानक बंद पडतं. हे चौथं लक्षण लॅबच्या तक्रारीत कोणी सांगत नाही, कारण दोन्हींचा संबंध आहे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. निदान मात्र त्याच्यापासूनच सुरू करणं सोपं.

कार्यालयातल्या त्या संगणकाचा पत्ता बघितला की तो ५० ते ९० मधला निघतो. म्हणजे त्याला पत्ता लॅबच्या सर्व्हरने दिलाय. डीएनएसमास्कला गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा रस्ता) वेगळा सांगितला नाही, तर तो स्वतःचाच पत्ता गेटवे म्हणून देतो. सर्व्हर पुढे पॅकेट पाठवत नाही, म्हणून इंटरनेट बंद. एवढ्यावरून कळतं की कोणत्याही मशीनला कोणताही सर्व्हर उत्तर देतोय.

सकाळी अडतं आणि दुपारी चालतं, याचं कारण जरा खोल आहे. मशीनचं पत्ता मागणारं डिस्कव्हर हे पॅकेट सगळ्या नेटवर्कला ऐकू जातं आणि दोन्ही सर्व्हर आपापली ऑफर पाठवतात. राउटर लगेच पाठवतो. डीएनएसमास्क नवा पत्ता देण्याआधी तो कोणी वापरत नाही ना, हे पिंग करून पाहतो आणि ३ सेकंद उत्तराची वाट बघतो. रात्रीत डीएनएसमास्कच्या ८ तासांच्या लीज संपलेल्या असतात, त्यामुळे सकाळी प्रत्येक मशीन त्याच्यासाठी नवं असतं आणि राउटर पुढे जातो. थोड्या वेळात बऱ्याच मागण्या आल्या की मात्र डीएनएसमास्क पिंगचा तपास सोडून देतो. त्या गर्दीतल्या काहींना त्याचं उत्तर वेळेत मिळतं. कोणाला मिळेल, ते बटणं कोणत्या क्रमाने दाबली यावर. ज्या मशीनला एकदा सर्व्हरचं उत्तर मिळालं, त्याची लीज दुपारी सर्व्हरकडे शिल्लक असते, पिंगची गरज पडत नाही, उत्तर तात्काळ जातं. फर्मवेअरच्या सवयीही वेगळ्या: काही बूट फाइल असलेल्या ऑफरसाठी थांबतात, काही पहिल्या ऑफरलाच हो म्हणतात. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की बाहेरून सगळं दैवाधीन वाटतं.

हे अंदाजाने सोडवायला जाऊ नये. पॅकेट बघावीत. सर्व्हरवर टीसीपीडम्प (पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावायचा आणि ६७, ६८, ६९ व ४०११ हे चार पोर्ट, म्हणजे सेवांचे क्रमांक, ऐकायचे. 'व्ही' हा पर्याय दोनदा दिला की डीएचसीपीचे सगळे ऑप्शन (पॅकेटमधले क्रमांक दिलेले माहितीचे कप्पे) उलगडून दिसतात. इथे एक फसगत आहे. राउटरची ऑफर थेट त्या मशीनच्या नावे गेली, तर स्विच ती सर्व्हरच्या पोर्टवर पाठवत नाही आणि 'राउटर उत्तरच देत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून अडणाऱ्या मशीनचा पोर्ट मॅनेज्ड स्विचवर मिरर करायचा, म्हणजे त्यावरच्या पॅकेटची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवायची, आणि लॅपटॉप त्या मिररवर लावायचा. नेटवर्कवर उत्तर देणारे किती जण आहेत एवढंच बघायचं असेल, तर एनमॅपची 'ब्रॉडकास्ट-डीएचसीपी-डिस्कव्हर' ही स्क्रिप्ट पुरते.

आता मुख्य निर्णय. पत्ता देणं आणि बूट फाइल सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि १९९९ च्या पीएक्सई २.१ प्रमाणकात ती दोन वेगळ्या सर्व्हरांना देण्याची सोय आहे. तिला प्रॉक्सी डीएचसीपी म्हणतात. राउटरने पत्ता, गेटवे आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) द्यायचे. आपल्या सर्व्हरने पत्त्याला हातही लावायचा नाही. 'पीएक्सई क्लायंट' अशी ओळख सांगणाऱ्या मशीनलाच बूटची माहिती द्यायची. कार्यालयातला संगणक ती ओळख सांगत नाही, म्हणून त्याला हा सर्व्हर दिसतच नाही.

दुसरा रस्ता म्हणजे सर्व्हरला दुसरं लॅन कार्ड बसवून लॅब स्वतंत्र नेटवर्कवर नेणं; एलटीएसपीच्या जगात त्यासाठी १९२.१६८.६७ ने सुरू होणारी मालिका वापरायची पद्धत आहे. नवी लॅब उभारताना आम्ही तोच सुचवू. या प्रकरणात तो घेतला नाही. कार्यालयातला प्रिंटर लॅबमधून लागतो, आणि लॅबचं इंटरनेट सर्व्हरवर अवलंबून ठेवलं तर सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी डिस्कवाला एखादा लॅपटॉप लावूनही काम भागणार नाही.

प्रॉक्सीची मांडणी छोटी आहे. आधी सर्व्हरला राउटरच्या रेंजबाहेरचा कायमचा पत्ता द्यायचा, इथे १९२.१६८.१.१०. मग डीएनएसमास्कमधली ५० ते ९० ची रेंज काढून टाकायची आणि या ओळी घालायच्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्यात, फाइलीत अर्थात रोमन लिपीत आणि रोमन आकड्यांत जातील:

पोर्ट=०
डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.१.०,प्रॉक्सी
एनेबल-टीएफटीपी
टीएफटीपी-रूट=/एसआरव्ही/टीएफटीपी
लॉग-डीएचसीपी

पहिली ओळ डीएनएस बंद करते. तिसरी आणि चौथी ओळ बूट फाइली पुरवणाऱ्या टीएफटीपीसाठी आहे. उबुंटूवर ५३ क्रमांकाचा पोर्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड या डीएनएसच्या सेवेने धरलेला असतो, आणि ही ओळ नसली तर डीएनएसमास्क सुरूच होत नाही. शेवटची ओळ पहिले दोन आठवडे तरी ठेवावी. प्रत्येक मशीनने काय मागितलं आणि काय मिळालं ते जर्नलमध्ये (सिस्टमच्या नोंदवहीत) येतं. एलटीएसपीच्या 'एलटीएसपी डीएनएसमास्क' या आज्ञेने मूळ फाइल तयार होते. आपल्या जादा ओळी त्या फाइलीत न मिसळता त्याच फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत ठेवाव्यात, म्हणजे ती आज्ञा पुन्हा चालवली तरी त्या शाबूत राहतात.

फायरवॉल चालू असेल तर यूडीपी ६७, ६९ आणि ४०११ उघडावे लागतात. ४०११ हमखास विसरला जातो. प्रॉक्सीची ऑफर मिळाल्यावर क्लायंट बूट फाइलचं नाव याच पोर्टवर विचारायला येतो. तो बंद असला की 'पीएक्सई-ई५५' दिसतो. पुढे एनएफएससाठी (नेटवर्कवरून फाइली वापरण्यासाठी) २०४९ लागतोच.

बदल केल्यावर पुन्हा पॅकेट बघितली की सर्व्हरच्या ऑफरमध्ये क्लायंटला दिलेल्या पत्त्याच्या जागी ०.०.०.० दिसतं. पाहणारा दचकतो, पण प्रॉक्सीची ऑफर अशीच असते. तीत पत्ता नसतो, ६० क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये 'पीएक्सई क्लायंट' असतं. पत्ता राउटरच्या ऑफरमध्ये आलेला असतो आणि क्लायंट दोन्ही जोडून घेतो.

एवढ्याने कार्यालय सुटलं आणि बायॉसवाली १४ मशीन सुटली. मिनी पीसी उरले.

त्यांना मिळत होती 'अनडायओन्ली.केपीएक्सई', म्हणजे बायॉससाठीची आयपीएक्सई (पुढचं बूट करून देणारा छोटा प्रोग्रॅम). यूईएफआय फर्मवेअर ती उतरवून घेतं, पडद्यावर फाइलचा आकारही दाखवतं, आणि चालवू न शकल्यामुळे मुकाट्याने मेन्यूवर येतं. त्यांना 'एसएनपीओन्ली.ईएफआय' हवी. कोणतं मशीन कोणत्या जातीचं, हे क्लायंट स्वतःच ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये सांगतो. ० म्हणजे बायॉस, ६ म्हणजे ३२ बिट यूईएफआय, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय, ११ म्हणजे ६४ बिट एआरएम. २००६ च्या आरएफसी ४५७८ या प्रमाणक दस्तऐवजात ७ आणि ९ यांची अदलाबदल झाली होती, ती नंतर शुद्धिपत्राने दुरुस्त झाली. जुन्या डीएनएसमास्कमध्ये तीच अदलाबदल होती, म्हणून जुन्या मार्गदर्शकातून उचललेली ओळ नव्या आवृत्तीत चालत नाही. नावावर विसंबू नये. टीसीपीडम्पमध्ये आपल्या मशीनचा ९३ बघावा आणि आकडा घालूनच टॅग लावावा: क्लायंट-आर्च ० असेल तर एक टॅग, ७ आणि ९ असतील तर दुसरा, आणि पीएक्सई-सर्व्हिसच्या ओळीत टॅगप्रमाणे फाइल. राउटरमध्ये ६६ (बूट सर्व्हर) आणि ६७ (बूट फाइल) हे ऑप्शन असते तरी आम्ही ते वापरले नसते, याचं कारण हेच. घरगुती राउटरचा ६७ सगळ्यांना एकच फाइल सांगतो, आणि दोन जातींच्या मशीनना एक फाइल चालत नाही.

यानंतर लागलीच एक चक्र सुरू होतं. आयपीएक्सई चालू झाली की ती स्वतः पुन्हा डीएचसीपी मागते. तिला पुन्हा तीच 'अनडायओन्ली' मिळाली तर ती स्वतःलाच पुन्हा उतरवते, आणि पडद्यावर आयपीएक्सईचं नाव दर काही सेकंदांनी येत राहतं. आयपीएक्सईची मागणी ओळखायची खूण म्हणजे १७५ क्रमांकाचा ऑप्शन; तो फर्मवेअरच्या मागणीत नसतो. तो दिसला की 'एलटीएसपी.आयपीएक्सई' ही स्क्रिप्ट द्यायची, नसला तर आयपीएक्सईची फाइल. एलटीएसपीने तयार केलेल्या फाइलीत हा भेद आधीच असतो. हाताने लिहिलेल्या मांडणीत तो राहून जातो.

मिनी पीसींच्या सेटअपमध्येही तीन गोष्टी कराव्या लागल्या. यूईएफआय नेटवर्क स्टॅक चालू करणं. बूटच्या यादीत आयपीव्ही४ सगळ्यात वर आणणं, नाहीतर मशीन आधी आयपीव्ही६ वर वाट बघत बसतं. आणि सिक्युअर बूट बंद करणं, कारण फर्मवेअरला मान्य असलेली सही नसलेली ईएफआय फाइल ते चालवूच देत नाही.

एवढं करूनही मॅनेज्ड स्विचवरची काही मशीन आयपीएक्सईपाशी 'नो कॉन्फिगरेशन मेथड्स सक्सीडेड' म्हणून थांबत. साध्या स्विचवरच्या ६ मिनी पीसींना हा त्रास एकदाही झाला नाही, आणि सुगावा तोच ठरला. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलचा फेरा झाला तर तो रोखणारी सोय) चालू होतं. पोर्टवर लिंक आली की जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं आणि मग पॅकेट सोडतं. पीएक्सई फर्मवेअर ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशा वाढत्या अंतराने प्रयत्न करतं, म्हणून ते ही ३० सेकंदं सहसा काढतं. पण एका बूटमध्ये लिंक एकदाच वर येते असं नाही. फर्मवेअर आयपीएक्सईला ताबा देतं तेव्हा कार्ड पुन्हा चालू होऊ शकतं, आणि लिनक्सचा ड्रायव्हर बसतो तेव्हा आणखी एकदा. दर खेपेला ३० सेकंद. साध्या स्विचमागची मशीन यातून सुटतात, कारण तिथे मशीनची लिंक पडली तरी दोन स्विचमधली लिंक वरच असते. उपाय म्हणजे क्लायंटच्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट (लिंक येताच पॅकेट सोडणारी सोय) चालू करणं. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर ते करू नये. तिथे कोणी चुकून केबलचा फेरा केला तर अख्खं नेटवर्क बसेल.

तिसऱ्या दिवशी वेगळीच तक्रार: शिक्षकांच्या मोबाइलला वाय-फाय लागतं, पण पत्ता मिळत नाही. एका बूटमध्ये एक मशीन तीनदा डीएचसीपी मागतं: फर्मवेअर, आयपीएक्सई, लिनक्स. तिघांनी ६१ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये आपली ओळख वेगवेगळी सांगितली तर राउटरला ती तीन वेगळी गिऱ्हाइकं वाटतात, मॅक पत्ता (लॅन कार्डाचा स्वतःचा क्रमांक) एकच असला तरी. २६ गुणिले ३ म्हणजे ७८ पत्ते. त्यात कार्यालयाचे ६. उरले १६, आणि लीज २४ तासांची. इथे राउटरला हात लावावाच लागतो. इंटरनेट कंपनीकडून रेंज २० ते २४० करून घ्यायची आणि लीज ४ तासांवर आणायची. क्लायंटवर सिस्टमडी-नेटवर्कडी ही नेटवर्क सांभाळणारी सेवा चालत असेल, तर नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) डीएचसीपीची ओळख मॅक पत्त्यावरून द्यायला सांगता येतं. त्याने तिसरा पत्ता वाचतो.

वेगाचं थोडक्यात. टीएफटीपी एक तुकडा पाठवते, पोच येईपर्यंत थांबते, मग दुसरा. कर्नल आणि इनिटआरडी (लिनक्स सुरू व्हायला लागणाऱ्या दोन फाइली) मिळून ८० एमबी धरले आणि तुकडा ५१२ बाइटचा असेल, तर १,५६,२५० फेऱ्या होतात. एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तरी ७८ सेकंद. तुकडा १४३२ बाइटचा झाला की फेऱ्या ५६ हजारांच्या आत आणि वेळ २८ सेकंद. म्हणून डीएनएसमास्कमध्ये 'टीएफटीपी-नो-ब्लॉकसाइज' ही ओळ कोणी जुन्या सल्ल्यावरून घातली असेल तर ती काढावी. आयपीएक्सईला एचटीटीपी येतं, त्यामुळे मोठ्या फाइली तिकडून दिल्या तर हा प्रश्नच उरत नाही. एखादंच मशीन संथ असेल तर केबल बघावी: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात, आणि एक तार सैल झाली की लिंक गुपचूप १०० वर उतरते. सर्व्हरच्या केबलला हे झालं तर सेकंदाला साडेबारा एमबी २६ जणांत वाटले जातात.

जुन्या डेस्कटॉपपैकी दोन-तीन मशीन वीज गेली की बूटचा क्रम विसरतात आणि नसलेली हार्ड डिस्क शोधत बसतात. यात डीएचसीपीचा दोष नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो बदलून क्रम पुन्हा लावावा.

पुढे कोणी आणखी एखादा वाय-फाय राउटर आणून लॅबच्या सॉकेटमध्ये लावेल, या धास्तीने स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं जातं. कल्पना चांगली आहे, पण स्नूपिंग भरवशाच्या नसलेल्या पोर्टवरून येणारी प्रत्येक ऑफर टाकून देतं, आणि प्रॉक्सीची ऑफर त्याच्या दृष्टीने ऑफरच असते. राउटरकडचा पोर्ट ट्रस्टेड केला आणि बूट सर्व्हरचा राहिला, की २६ च्या २६ मशीन पुन्हा बूट फाइलवाचून अडतात. दोन्ही पोर्ट ट्रस्टेड हवेत.

ज्यांच्याकडे डीएचसीपी विंडोज सर्व्हरवर आहे त्यांनी ६० क्रमांकाच्या ऑप्शनपासून जपावं. त्यात 'पीएक्सई क्लायंट' लिहिणं, बूट सेवा त्याच मशीनवर असेल तेव्हाच बरोबर. वेगळ्या मशीनवर असेल तर क्लायंट ४०११ वर डीएचसीपी सर्व्हरलाच विचारत राहतो आणि तिथे ऐकायला कोणी नसतं. ज्यांच्याकडे अजून आयएससी या संस्थेचा जुना डीएचसीपी सर्व्हर आहे, त्यांनी नवी मांडणी तिच्याच कीया या नव्या सर्व्हरमध्ये करावी. आयएससीने जुन्याची देखभाल २०२२ मध्ये थांबवली. कीयामध्ये क्लायंट-क्लास करून ९३ चा आकडा तपासता येतो आणि प्रत्येक क्लासला वेगळी बूट फाइल देता येते.

या लॅबमध्ये शेवटचा धोका उरतो तो इंटरनेट कंपनी राउटर बदलून देते त्या दिवसाचा. नवा राउटर १९२.१६८.० ची मालिका वाटू लागला, की १.१० वर बसलेला सर्व्हर त्या मालिकेच्या बाहेर पडतो. क्लायंटना पत्ते मिळतात, बूट फाइल मिळते ती आवाक्याबाहेरच्या सर्व्हरची. कोणी सर्व्हरचा पत्ता नव्या मालिकेत आणला आणि प्रॉक्सीची ओळ मात्र १.० वरच ठेवली, तर डीएनएसमास्क उत्तर देणं थांबवतो आणि जर्नलमध्ये 'नो ॲड्रेस रेंज अव्हेलेबल' अशी नोंद करतो. बदलायच्या जागा दोन आहेत: सर्व्हरचा स्थिर पत्ता आणि ती एक ओळ. दोन्ही जागा एका चिठ्ठीवर लिहून ती सर्व्हरच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी, राउटरच्या आत्ताच्या पत्त्यासकट.